रजेवरचा माणूस

बेळगाव, १९४१, श्रावण. परेड मैदानाच्या तांबड्या मातीचा रेंदा झाला आहे आणि त्या रेंद्यात तुम्ही उभे आहात. कुणी हटकत नाही, कारण तुम्ही कुणाला दिसतच नाही. मागं वळून बघितलंत तर तुमच्या पावलांचा ठसाही चिखलात उमटलेला नाही. या प्रवासाच्या अटी साध्या आहेत. बघायचं, ऐकायचं, वास घ्यायचा. बोलायचं नाही, कुणाचा हात धरायचा नाही. पुढं काय वाढून ठेवलंय हे ठाऊक असलं तरी कुणाला सावध करायचं नाही.

समोर मराठा लाइट इन्फंट्रीच्या रंगरूटांची तुकडी आहे. लाइट इन्फंट्रीची चाल भरभर, मिनिटाला १४० पावलं. उस्ताद 'तेज चल' म्हणून ओरडतोय आणि तिसऱ्या रांगेतल्या एका पोराचा डावा पाय सारखा घसरतोय. जन्मभर अनवाणी नाहीतर करकरत्या वहाणांत चाललेले पाय, त्यांत सरकारी बूट आलेत. त्याचा चेहरा नीट बघून ठेवा. पुढची पन्नासेक वर्षं तुम्हाला याच्याच मागं जायचंय.

त्याचं नाव सांगत नाही. खरं म्हणजे हा एकच माणूस नाही. माण, खटाव, कोरेगावात ज्या घरांच्या सोप्यात खाकी कोटातला फोटो टांगलेला असतो, तशा बऱ्याच घरांतल्या आठवणी मी या एकाच्या अंगावर चढवल्या आहेत. लढाया, तारखा, पलटणी खऱ्या, माणूस जुळवलेला. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर नावापुढंच 'मिलिटरी' लावतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं कामी आली. आपला गडी तिथला नव्हे. तो दहिवडीच्या पलीकडचा, बरड रानाचा. चौथी शिकलेला, एकोणीस वर्षांचा. घरी कोरडवाहू सहा एकर, त्यावर सावकाराचं कर्ज, आणि गेल्या उन्हाळ्यात उरकलेलं लग्न. राजनिष्ठा, हिटलर, लोकशाही यातलं काही त्याच्या डोक्यात नाही. महिन्याला सोळा-अठरा रुपये रोख मिळतात आणि दोन वेळचं पोटभर जेवण मिळतं, म्हणून तो आलाय.

दुपारी कंपनीच्या कारकुनापुढं रांग लागते. तुम्ही त्याच्या खांद्याशी उभे राहा. ओल्या लोकरीचा, बुटांच्या पॉलिशचा आणि शाईचा असा मिळून एक वास येतोय. कारकून मान खाली घालून विचारत जातो, 'वारस?' उत्तरं येतात. बाप. बाप. थोरला भाऊ. बाप. याचा नंबर येतो आणि हा बायकोचं नाव सांगतो.

रांगेत खसखस पिकते. कारकून पहिल्यांदा मान वर करतो.

'बाप जिंदा है?'

'जी.'

'तो फिर?'

हा काही बोलत नाही. बूट चिखलानं भरलेत, तिकडं बघत उभा राहतो. कारकून खांदे उडवून नाव लिहून घेतो. ज्या घरात बायकोला नावानं हाक मारायची सोय नव्हती, त्या घरातल्या पोरानं चारचौघांत ते नाव घेतलं आणि सरकारी कागदावर चढवलं. पुढं त्यानं नद्या ओलांडल्या, गोळ्या झेलल्या, पण मला विचाराल तर त्याचं पहिलं धाडस हे. ती पंधरा वर्षांची मुलगी या घटकेला आडावर पाणी शेंदत असेल.

आता जरा वेगानं. जानेवारी १९४३, तुम्ही त्याच्या घरात. तो नाही. मुंबईला बोटीत बसून इराकला गेलाय. माणदेशातली कोरडी थंडी, घरात शेकोटीचा धूर, आणि कोपऱ्यातल्या बाजेवर ती, कुशीत चार दिवसांची पोर. सासरा शाळेतल्या मास्तरांकडून कार्ड लिहून घेतोय: मुलगी झाली, दोघी खुशाल, काळजी नसावी. पत्त्यात गावच नाही. शिपायाचा नंबर, पलटण आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा, एवढ्यावर ते कार्ड समुद्र ओलांडणार आहे.

ते पोचतं तेव्हा चैत्र लागलेला असतो. तुम्ही तंबूबाहेर उभे आहात, तोंडात वाळू कचकचतेय. तो कार्ड दोनदा वाचतो, घडी करून खिशात घालतो आणि तडक कारकुनाच्या तंबूकडं निघतो. पलटणीचे हुकूम दोन भागांत निघतात. पहिला भाग कामाचा: कवायत, पहारे, कूच. दुसरा माणसांचा: कुणाची बढती, कुणाची रजा, कुणाचं लग्न, कुणाला मूल, कोण मेला. याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. मुलीचं नाव अजून त्याला कुणी कळवलेलं नाही. 'डॉटर' एवढंच लिहा, नाव मागून सांगतो, असं तो म्हणतो. कारकून म्हणतो, मग नाव आल्यावरच ये की. हा हलत नाही. शेवटी त्याच तंबूत, त्याच पावली तो मुलीचं नाव ठरवतो. आईचं नाव. महिन्याभरानं कार्ड येतं की गावाकडं बाराव्या दिवशीच दुसरं नाव ठेवलंय. त्यामुळे त्या पोरीला जन्मभर दोन नावं राहिली, एक पलटणीतलं आणि एक पाळण्यातलं.

घराकडं अजून एकदा नजर टाकून घ्या, कारण त्या वर्षी साताऱ्यात सरकारं दोन आहेत. कागदावरचं इंग्रजांचं, आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, ज्याला लोक पत्री सरकार म्हणतात. जूनमध्ये शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराचे पैसे लुटलेत. भूमिगत पोरं रात्री रानातून येतात, दाराशी हळू आवाजात भाकरी मागतात. तुम्ही अंधारात उभे राहून बघताय, ती दुरडीतल्या चार भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून देते. नवरा इंग्रजाच्या पलटणीत, भाकऱ्या इंग्रजाच्या वैऱ्याला. सासू कुजबुजते, 'अगं, मनीआर्डर बंद हुईल.' ती म्हणते, 'आपलीच पोरं हाईत.' दोन्हीकडची, असं तिला म्हणायचंय. इतिहासकारांना या पेचावर पानंच्या पानं लिहावी लागतात. तिचं एका वाक्यात भागतं.

१९४४चा जुलै सरतोय. इटली, फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येच्या टेकड्या. आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर पहिली मराठा पलटण, म्हणजे जंगी पलटण, तारांतोला उतरून सांग्रो नदी, मग कॅसिनो असं करत वर सरकत आलीय. तुमच्यासमोर मोंतेगुफोनी नावाचा किल्लेवजा वाडा आहे. तळघरांत आसपासची गावकरी मंडळी लपून बसलीत आणि वरच्या दालनांत, भिंतींना टेकवून, फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयातली चित्रं ठेवलीत. बॉम्बपासून वाचवायला इटालियन लोकांनी ती इथं आणून दडवली होती. एरिक लिंकलेटर नावाचा ब्रिटिश लेखक याच दिवसांत इथं येतो, ही चित्रं कोणती ते ओळखतो आणि एकच धांदल उडते. चित्रांवर मराठ्यांचा पहारा बसतो.

आत जा. आपला गडी, आता लान्स नाईक, संगीन लावून उभा आहे, आणि त्याच्यापासून चार हातांवर बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा'. झिरझिरीत वस्त्रांतल्या बाया हात गुंफून नाचतायत, झाडाला नारिंगं लगडलीत, जमिनीवर फुलंच फुलं. जगभरातून लोक हे बघायला पुढं विमानं करून येतील, काचेपलीकडून, गर्दीतून मान उंचावून बघतील. याला मोकळं, एकट्याला, पहारा बदलेपर्यंत मिळालंय. तो चित्राकडं बघतो. चोरून, मग जरा धीटपणे. मग नजर खिडकीबाहेर जाते आणि तिथंच अडकते.

खाली शेतात एक म्हातारा पांढरी बैलजोडी घेऊन चाललाय.

पहारा सुटल्यावर तो थेट तिकडं जातो, तुम्हीही जा. टस्कनीचे कियानिना बैल. पांढरेशुभ्र, काळ्या नाकपुड्यांचे, आणि उंची इतकी की त्याच्या डोक्यावरून पाठ दिसते. माणदेशातला माणूस बैलापुढं उभा राहिला की परीक्षा घेणारच. हा खिलारच्या मुलखातला. म्हसवड, खरसुंडीच्या जत्रांत बापाबरोबर हिंडलेला. तो बैलाच्या पुढच्या पायांच्या मधलं अंतर बघतो, खूर बघतो, वशिंडाच्या जागी हात फिरवतो. वशिंड जवळजवळ नाहीच. तो हळहळतो. शिंगं आखूड. पुन्हा हळहळतो. पण छाती! तो म्हाताऱ्याकडं बघून मान डोलावतो आणि म्हातारा खुलतो. भाषा एकाची दुसऱ्याला येत नाही. म्हातारा बैलाचे दात दाखवतो. हा बोटांनी वय सांगतो. बरोबर निघतं. मग म्हातारी बाहेर येते, खुणेनं विचारते, मुलंबाळं? हा हात गुडघ्यापाशी धरतो. थांबतो. मुलगी अजून बघितलेली नाही, तेव्हा दीड वर्षाची पोर किती उंच असते याचा हिशोब चाललाय. हात चार बोटं वर नेतो. मग पुन्हा थोडा खाली.

त्या रात्रीच्या पत्रात चित्राचा उल्लेख नाही. 'मी खुशाल आहे. इकडं बैल फार मोठे, पण आपल्यासारखे चपळ नाहीत. पोरीची उंची कळवणे.' सेन्सॉर करणारा अधिकारी पत्र वाचतो. गावाचं नाव नाही, पलटणीचा ठावठिकाणा नाही, बैलांवर बंदी नाही. पत्र पुढं जातं.

पुढच्या महिन्यात पलटण फ्लॉरेन्समध्ये असते. शहराच्या कडेला, आर्नो नदीकाठच्या बागेत कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. १८७० साली परतीच्या वाटेवर ते इथंच वारले. बेळगावाहून आलेल्या पोरांपैकी कुणी तिथवर गेलं असेल तर त्याला काय वाटलं असेल! आपला गडी गेला नाही. त्याला त्या दिवशी कपडे धुवायला पाणी मिळालं होतं.

९ एप्रिल १९४५. ही जागा अवघड आहे. बघायचं नसेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या. तो स्वतःही घरी याबद्दल बोलला नाही.

सेनिओ नदी रुंदीला फार नाही. पण दोन्ही काठांना पुराचे बांध घातलेत, घराइतके उंच, आणि जर्मनांनी त्या बांधांच्याच पोटात मोर्चे खोदलेत. दुपारभर विमानांनी आणि तोफांनी पलीकडचा काठ भाजून काढलाय. संध्याकाळी ज्वाला फेकणाऱ्या गाड्या पुढं येतात. तेल जळाल्याचा वास तुमच्या घशात बसतो. पहिली तुकडी पाण्यात उतरते आणि मशीनगनखाली जवळजवळ संपते. त्या तुकडीबरोबर कंपनीचा रनर आहे, नगर जिल्ह्यातल्या निमजचा नामदेव जाधव. एका जखमीला तो उचलतो, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागं आणतो. परत जातो. दुसऱ्याला आणतो. मग एकटाच पुन्हा पलीकडं जाऊन तीन मशीनगन मोर्चे गप्प करतो, आणि बांधावर चढून, तोफगोळे पडत असताना, शिवाजी महाराजांचा जयजयकार करत मागच्या कंपन्यांना हात करून बोलावतो. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या लढाईत हिंदी फौजेला मिळालेल्या सहा व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी हा एक. तो हात करून ज्यांना बोलावत होता, त्या मागच्या कंपन्यांत आपला गडी आहे. तो पाण्यात शिरतो. तुम्ही शिरा. एप्रिलचं पाणी, बर्फ वितळलेलं. त्याच्या डाव्या हाताचा गडी खाली बसावा तसा बसतो आणि पुन्हा वर येत नाही. आपला गडी पलीकडं पोचतो. बस, एवढंच.

पाच हजारांवर हिंदी सैनिक इटलीच्या मातीत राहिले. तो राहिला नाही, याचं कारण तुम्हाला सापडणार नाही. त्यालाही सापडलं नव्हतं.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस तो घरी येतो. कोरेगावला रेल्वेतून उतरतो, सर्व्हिस मोटारीनं दहिवडीपर्यंत, पुढं पायी. वळकटी खांद्यावर, हातात पत्र्याची पेटी. अंगणात अडीच वर्षांची पोर मातीत खेळतेय. ती वर बघते. बूट, पट्टे, टोपी, मिशा. किंचाळत आत पळते आणि आईच्या लुगड्यात तोंड खुपसते. तो उंबऱ्याबाहेर थांबतो. पेटीतून गोळ्यांचा डबा काढतो, उंबऱ्यावर ठेवतो आणि चार पावलं मागं सरकून उकिडवा बसतो. बराच वेळ. तुम्ही त्याच्याकडं बघताय, पण तो त्या पोरीची उंची बघतोय. त्यानं इटलीत हात धरला होता त्याच्यापेक्षा वीतभर जास्तच निघाली. गावात तो असेतोवर ती त्याला 'मिलट्री' म्हणते, आणि आईनं कितीदा रागावलं तरी म्हणतच राहते.

इथून पुढं वीस वर्षं त्यांचा संसार रजेरजेनं होतो. वर्षाला दोन महिने, कधी तेही नाहीत. पहिल्या रजेत तो विहीर धरतो, साचलेल्या पगारावर. पंधरा हातांवर कातळ लागतो आणि रजा संपते. पुढल्या रजेत सुरुंग लावून आणखी आठ हात. मध्ये देश स्वतंत्र होतो, पलटणीतले मुसलमान अफसर पाकिस्तानात जातात, आणि विहीर तशीच अर्धी, पावसाचं पाणी धरून, बेडकांनी भरलेली. ती पत्रातून कळवते: बेडकं फार झाली. पाणी लागतं १९५०च्या रजेत. मुलगी धरून चार मुलं झाली आणि शेजारणी म्हणायच्या, यांच्या पोरांचे जन्म मोजले की जमादाराचं रजेचं रजिस्टर हाती लागतं. एकाही बाळंतपणाला तो घरी नव्हता. प्रत्येक वेळी कार्ड गेलं आणि प्रत्येक वेळी पार्ट टू ऑर्डर निघाली.

मनीऑर्डर मात्र एकही चुकली नाही. फॉर्मच्या तळाला निरोपासाठी दोन बोटं जागा असायची, तेवढीच त्याची वही. 'थोरलीची शाळा बंद करू नये.' 'दोन रुपये तुझ्या चोळीला जास्त आहेत, बांना सांगू नये.' मनीऑर्डर वाचून दाखवायचा पोस्टमन, आणि बा समोरच बसलेले. दुसऱ्यांदा असं झाल्यावर तिनं मास्तरीणबाईंकडं जाऊन चार महिन्यांत अक्षरं गिरवून घेतली. गावातल्या लोकांना वाटलं, मिलिटरीवाल्याची बायको शेफारली.

डिसेंबर १९६१मध्ये तुम्हाला एक पहाट दमणला काढावी लागेल. १८ तारखेला अंधारात पहिल्या मराठा पलटणीनं पोर्तुगिजांवर हल्ला चढवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी शरणागती पत्करली. चाळिशीला टेकलेला जमादार पोरांना ओरडून आडवं व्हायला सांगतोय आणि स्वतः गुडघ्यावरच आहे, कारण गुडघा आता वाकत नाही. त्याच वर्षी साताऱ्याला देशातलं पहिलं सैनिक स्कूल निघालं होतं. धाकटा अफसर व्हावा म्हणून यानं त्याला परीक्षेला बसवलं. पोरगा उडाला. मग तोही शिपाई म्हणूनच भरती झाला, बापाच्याच पलटणीत.

१९६६ साली तो सुभेदार होऊन पेन्शनीवर येतो आणि घराची पंचाईत होते.

थांबा इथं, कारण हे कुणी लिहीत नाही. पंचवीस वर्षं हे घर तिनं चालवलंय. कुठल्या वावरात काय पेरायचं, कुणाचं देणं कधी फेडायचं, दीर वेगळा झाला तेव्हा कोणती भांडी ठेवून घ्यायची, हे सगळं तिचं. तो यायचा तेव्हा पाहुण्यासारखी सरबराई व्हायची, कोंबडं कापलं जायचं. आता तो रोजच आहे. पहाटे चारला उठतो. सगळ्यांची अंथरुणं काढून कोपरे जुळवून घड्या घालतो. चपला एका ओळीत. म्हशीच्या दाव्याला वेगळी गाठ. पोरांना हाक मारतो ती परेड मैदानावरची. शेजारची कुत्री भुंकत सुटतात. तीन आठवडे ती सोसते. मग एका दुपारी, चुलीपुढं बसल्या बसल्या, मान वर न करता विचारते:

'तुमची रजा कवा संपतीया?'

तो हसतो का, हे बघायला तुम्ही वाकता. नाही हसत. उठून बाहेर जातो. दुसऱ्या दिवशी अंथरुणं तशीच पसरलेली असतात. तो चारलाच उठतो, पण अंधारात सोप्यात बसून राहतो. त्यामुळे ११ डिसेंबर १९६७ला, पहाटे सव्वाचार वाजून गेल्यावर कोयनेचा भूकंप झाला तेव्हा अख्ख्या गावात जागा तो एकटाच होता. उतरंडीतली मडकी खणखणली तसा त्यानं त्या परेडच्या आवाजात आरोळी ठोकली आणि आळीच्या आळी दीड मिनिटात अंगणात. त्या आवाजाबद्दल नंतर घरात कुणी कुरकुरलं नाही.

१९७१चा डिसेंबर उलटा आहे. यावेळी तो घरी आहे आणि धाकटा पूर्व पाकिस्तानात, जमालपूरपुढं. जंगी पलटणीनं जमालपूरची वाट अडवलीय. शरण या म्हणून धाडलेल्या पत्राला पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, ही हकिकत पुढं सगळीकडं छापून आली. गावात तेव्हा एवढंच कळतं की रेडिओवर जमालपूर म्हणाले. तो रेडिओ कानाला लावून बसतो. पोस्टमन दिसला की उठून उभा राहतो, मग काहीतरी काम असल्यासारखं करतो. ती भाकऱ्या थापत म्हणते, 'बसा की. मी काय पंचवीस वर्सं हुबी ऱ्हायली व्हती काय?' तुम्ही त्याचा चेहरा बघा. आपण मागं काय ठेवून जात होतो, हे त्याला ऐन पन्नाशीत कळतंय. पत्र जानेवारीत आलं. पोरगा धड होता.

आणि मग दुष्काळ. १९७२. विहीर, ती रजेरजेनं खणलेली विहीर, तळाला कातळ दाखवतेय. जनावरं विकलीत. रस्त्याच्या कामावर आसपासच्या गावांची माणसं खडी फोडायला येतात. मजुरी ब्रासावर, आणि पोरांना सुकडी. मुकादम सुभेदाराला ओळखतो. म्हणतो, तुम्ही हजेरीपटावर बसा, सावलीत. हा विचारतो, 'ही कुठं बसंल?' मुकादम हसतो. हा हातोडा मागून घेतो.

उन्हात त्यांच्याजवळ बसा. फडकं डोक्यावर, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. दगडाची कूस तिला कळते, त्याला नाही. तो ताकद लावतो, हातोडा उसळतो, दगड तसाच. ती दगड फिरवते, एक टोला देते, दोन फाका. सुभेदार साहेब दोन दिवस बायकोच्या हाताखाली उमेदवारी करतात. गावातली माणसं येता-जाता बघतात. काहींना वाईट वाटतं, काहींना मजा. दुपारी बाभळीखाली ती भाकरी सोडते. लग्नाला बत्तीस वर्षं झाली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका जागी, एका कामावर, दोघं पहिल्यांदाच बसलीत. तो तिला विचारतो, शेणोलीच्या साली रात्री येणाऱ्या पोरांना तू भाकरी द्यायचीस म्हणे? ती म्हणते, तुम्हाला कुणी सांगितलं? तो म्हणतो, बांनी पत्रात कळवलं होतं. 'मग बोलला न्हाई कधी?' 'सेन्सारनं खोडलं आसंल म्हणून गप बसलो,' असं काहीतरी तो म्हणतो आणि ती इतकी हसते की मुकादम लांबून हटकतो. मग तोही तिला बैलांचं सांगतो. चित्राचंही सांगतो, त्या बायांच्या कपड्यांचं सोडून. नदीचं सांगत नाही.

तो गेला १९९४च्या कार्तिकात, झोपेत, विशेष काही न होता. आसपासच्या गावांतले माजी सैनिक पदकं लावून आले, पोरांनी उचललं, संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं.

दोन महिन्यांनी तुम्ही साताऱ्यात आहात, सैनिकांच्या पेन्शनची कामं बघणाऱ्या कचेरीत. बाकावर नऊवारीतल्या सात-आठ बाया बसल्यात. यांच्या कागदांची दशा काय असते, हे इथं तासभर बसलात तरी कळेल. कुणाचं माहेरचं नाव लागलंय, कुणाचं नावच नाही, कुणाच्या दाखल्यावर नवऱ्याच्या आधीची जन्मतारीख. एकेकीला वर्ष वर्ष हेलपाटे. तिचा नंबर येतो. थोरली, ती दोन नावांची, बरोबर आलीय. तिचेही केस आता पिकायला लागलेत. कारकून रेकॉर्डचे कागद काढतो, बोट खाली खाली नेतो, आणि नवलानं थांबतो. बायकोचं नाव भरतीच्या दिवसापासून. लग्नाची नोंद आहे. चारही मुलांची, तारखांसकट. नाव बदललं तिथं दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर. कुठं खाडाखोड नाही.

'आजी, सुभेदारांनी सगळं अगदी वेळच्या वेळी लिहून ठेवलंय बघा. असं फार कुणी करत नाही.'

ती पदर सावरते, अंगठ्याचं शाईचं पॅड बाजूला सारते आणि पेन मागते.

'लिवायला काय हुतंय,' ती म्हणते. 'वाढवली मी.' सही पुरी करते, पेन परत देते. 'पर बरं केलं लिवलं ते. चारची यष्टी घावंल न्हवं आता?'